गाळलेली ओळ

"कागद ठेवून जा. संध्याकाळपर्यंत बघतो," मुख्याध्यापक म्हणाले.

"मूळ प्रत आहे, सर. ती मी कोणाच्या हाती सोडणार नाही," आई म्हणाली.

"मग मी बघणार कसा?"

"आत्ता बघा. मी समोर उभी आहे."

त्यांनी कागद घेतला, उलटसुलट केला आणि परत दिला. "कोणी पाठवलं तुम्हाला?"

"कागदावर लिहिलंय."

"कागदावर काय, बरंच काही लिहिलेलं असतं. उद्या या."

आईची ही पहिली नोकरी, शिक्षिकेची. मी सहा वर्षांची होते आणि वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. मामाच्या घरातलं आमचं पाहुणेपण संपल्याचं मामीच्या भांडी आपटण्यावरून मलासुद्धा कळत होतं. नेमणूकपत्रात अट होती: सात दिवसांत हजर न झाल्यास नेमणूक रद्द. हजर होणं म्हणजे शाळेच्या हजेरीपुस्तकात नाव चढणं आणि त्याखाली मुख्याध्यापकांची सही. पुस्तक त्यांच्या टेबलाच्या खणात होतं आणि खणाची किल्ली त्यांच्या खिशात.

आईच्या एका मैत्रिणीला असंच 'उद्या या, उद्या या' करत मुदत संपेपर्यंत झुलवलं होतं. मग त्या जागेवर कोणाचा तरी मेहुणा येऊन बसला. त्यामुळे आई सावधच होती. पिठाच्या गिरणीमागे आम्ही खोली घेतली होती. तिथून ती रोज घंटेआधी शाळेच्या पायरीवर येऊन बसायची, शाळा सुटायची घंटा होईपर्यंत उठायची नाही.

"दुपारी टपाल आलं की तो पांढऱ्या शर्टवाला येतो," तिने शिपाईमामांना विचारलं, "आणि दोघं दार लावून बसतात. कोण आहे तो?"

"सरांचे जावई."

"शिकलेले?"

"चिकार."

आई माझ्याकडे वळली. "बघ. पाणी मुरतंय ते इथे."

"बाई, तुम्ही खडीसाखरेतूनसुद्धा खडे वेचाल," शिपाईमामा म्हणाले. "अहो, तिकडे सर तुम्हालाच भितात. मागच्या वर्षी एक बाई आल्या, सगळं बघून गेल्या, आणि महिन्याभरात आमचे दोन वर्ग बंद. सर म्हणतात, ही पण वरूनच पाठवलेली."

"मला कोण पाठवतंय! भावजयीने पाठवलंय."

तिने माझ्या वहीचं पान फाडलं, त्यावर तारीख-वेळ घातली आणि लिहिलं, 'शाळेत हजर होते.' साक्षीदार म्हणून शिपाईमामांकडे सही मागितली. "नको हो बाई, माझ्या पोटावर पाय येईल," म्हणून ते घंटेकडे पळाले. मग तिने मधल्या सुट्टीत मुलांना गाठलं. दोघांना स्वतःचं नाव धड लिहिता येत नव्हतं, त्यांना तिथेच पायरीवर शिकवलं आणि मग सही घेतली. शेवटी माझीही घेतली.

पायरीवरून वरच्या वर्गाची हजेरी ऐकू यायची. मुख्याध्यापक एका मुलीचं नाव रोज पुकारायचे. मुलं रोज ओरडायची, "ती गाव सोडून गेली, सर!" ते रोज म्हणायचे, "हां, हां."

"पटावर खोटी नावं," आई पुटपुटली आणि तेही तिने पानावर टिपून ठेवलं.

सहाव्या दिवशी ती खात्री करायला खिडकीशी गेली. सर दाराकडे तोंड करून एकामागून एक नावं म्हणत होते. पुढ्यात पट उघडा होता, पण उघडलेलं पान कोरं होतं.

आई परत येऊन पायरीवर बसली. त्या दिवशी तिने पानावर काहीच लिहिलं नाही.

सातव्या दिवशी टपाल यायच्या आत ती मला घेऊन सरांच्या खोलीत गेली. दार तिने स्वतः लोटलं.

"सर, पत्र वाचून दाखवते."

"मला वाचता येतं."

"येतं की. पण फार बारीक छापलंय मेल्यांनी. माझेसुद्धा डोळे दुखतात."

 आईने पत्र पहिल्यापासून वाचलं. जावक क्रमांक वाचला, तारीख वाचली, पगार वाचला, मुदत वाचली. शेवटची अट होती: 'मुख्याध्यापकांनी प्रतिकूल अहवाल दिल्यास ही नेमणूक कोणतेही कारण न देता रद्द करण्यात येईल.' तीही तिने त्याच आवाजात वाचली.



"ही शेवटची ओळ गाळली असतीत," सर म्हणाले, "तर मला कळलं नसतं."

"मला कळलं असतं."

त्यांनी खिशातून किल्ली काढली. हजेरीपुस्तकात आईने नाव लिहिलं, पुढे वेळ घातली आणि मग त्यांचं बोट धरून नव्हे, स्वतःचं बोट कागदावर टेकवून म्हणाली, "इथे, सर." त्यांनी तिच्या बोटाला पेन लावून सही केली.

"उद्यापासून पट तुम्ही घ्या," ते म्हणाले.

त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. ती वर्षं सरेपर्यंत आईने सरांच्या डोळ्यांबद्दल कुठे अक्षर काढलं नाही. मी विचारलं तर म्हणायची, "तू सहा वर्षांची होतीस. तुला काय दिसलं?"

नंतर बत्तीस वर्षं तिने शिकवलं. संशय काही गेला नाही. दूधवाल्याच्या मापाचा तळ ती बोटाने चाचपायची, लग्नपत्रिकासुद्धा दोनदा वाचायची. वाचल्याशिवाय सही तर कधीच नाही.

तिला जाऊन आता चार महिने झाले. शेवटी साखरेने डोळे गेले होते. शस्त्रक्रियेच्या सकाळी नर्स फॉर्म घेऊन आली. "आजी, खाली सही करा."

"काय लिहिलंय त्यात?"

"नेहमीचंच असतं हो, आजी."

"मग तर वाचायलाच हवं," आई म्हणाली आणि माझ्या दिशेला मान वळवली.

मी वाचलं. नाव, वय, आजार, डॉक्टरांचं नाव. आठ ओळी होत्या. मी सात वाचल्या.

"संपलं?"

"संपलं."

तिने पेन धरलं, पण कागदाला लावलं नाही. "मध्ये तुझा आवाज अडखळला," ती म्हणाली. "गाळलंस ते वाच."

"आई, तसं काही नाही त्यात."

"वाच, बाळ."

'शस्त्रक्रियेदरम्यान मृत्यू होऊ शकतो, याची मला पूर्ण कल्पना देण्यात आली आहे.' मी वाचलं. तिच्यासारखं एका आवाजात मला वाचता आलं नाही.

"हं," ती म्हणाली. "आता सांग, कुठे?"

मी कागदावर बोट टेकवलं. तिने ते चाचपून शोधलं.

"इथे, आई."

सही रेघ सोडून खाली उतरत गेली. पेन परत न देता तिने विचारलं, "किती वाजले?"

"दहा वीस."

तिने तेही पुढे लिहिलं.