कुंडीतल्या किल्ल्या

सेकंदाचा लाल काटा, डोकं खाली पाय वर झालेल्या बारावरून गुपचूप पुढे सटकला. पाच बदल सापडले, राहिले दोन. घड्याळ उलटं टांगताना खिळा जरा हलला होता, पण टिकला — असल्या कामाला आपला हात बसलेलाच, चोपन्न वर्षं दुसरं केलंय काय... शर्टाच्या खिशात चिठ्ठी होती, तिच्यावर सात गोष्टी, सातही त्याने स्वतः बदललेल्या आणि प्रत्येकीपुढे बरोबरची खूण. वर्गाला पाच मिनिटं बाहेर पॅसेजमध्ये काढायचं, आत खोलीत उलथापालथ करायची, मग सगळ्यांना आत घेऊन विचारायचं, बोला, काय काय केलं गेलंय? कोणी केलं ते नको, फक्त काय केलं गेलं तेवढं. पॅसिव्ह व्हॉइस. पुस्तकात त्याचे दोन पानं नियम आहेत, आणि ते वाचताना कामावरून थेट आलेली मोठी माणसं पेंगतात. पण आपल्या पाठीमागे खोलीत कोणीतरी हात मारून गेलंय म्हटलं, की हीच माणसं मांजरासारखे कान टवकारतात.

शेवटच्या बाकावर मॅडम होत्या. क्लास त्यांचा, मांडीवरचा तपासणीचा फॉर्मही त्यांचाच, आणि नवी बॅच त्याला द्यायची की प्रोजेक्टर मिरवणाऱ्या त्या नव्या सरांना, ते आज त्या फॉर्मवर ठरणार होतं. पेन चालू होतं. काय एवढं लिहितात बाई... तीन वर्षांपूर्वी त्याने स्टाफरूममधल्या धडधाकट खुर्चीवर 'दुरुस्ती चालू, बसू नये' असा कागद चिकटवला होता आणि एकवीस दिवस तिच्यावर कोणी टेकलं नाही. शेवटी मॅडमनी सुतार बोलावला. सुतार अर्धा तास खुर्चीखाली आडवा पडून होता आणि जाताना गंभीरपणे म्हणाला, दुखणं आतलं आहे. अजून आठवलं की पोट धरावं लागतं.

ड्रायव्हर उठला. सोळा चाकांचा ट्रक बोळातून काढणारा माणूस, पण इंग्रजी वाक्याच्या वळणावर त्याला घाम फुटायचा. समवन, अशी त्याने सुरुवात केली आणि अख्खा वर्ग त्याच्यावर तुटून पडला, समवन चालणार नाही, कोणी ते बोलायचं नाही. मग त्याने गाडी मागे घेतली, अंदाज घेतला आणि वाक्य लावलं: कचऱ्याची बादली टेबलावर ठेवली गेली आहे. सहा.

सातवं सिस्टरच्या नजरेत येणार हे ठरलेलंच होतं. मोठ्या दवाखान्यात वॉर्ड सांभाळणारी बाई, पेशंटची चादर चार बोटं सरकली तरी तिला कळतं. दाराशेजारच्या खिडकीतली कुंडी पलीकडच्या खिडकीत हलवली गेली आहे, ती म्हणाली. चोख. त्याने टाळी वाजवायला हात उचलले.

"अँड," सिस्टर म्हणाली, "द कीज हॅव बीन बरीड इन इट."

आणि थर्मामीटर काढावा तसा, दोन बोटांनी, तिने कुंडीतल्या मातीतून किल्ल्यांचा जुडगा वर ओढला.

वर्ग हसला. कोणीतरी बाक वाजवला. त्याचे हात उचललेले तसेच. जुडगा त्याचाच होता. खिशात टोचतो म्हणून वर्गात शिरल्या शिरल्या तो काढून हजेरीपटाशेजारी ठेवायचा, रोजचंच, आजही ठेवला — ठेवला ना? — आणि पुढे... पुढे घड्याळ, मग फळ्यावरची तारीख पुसून उद्याची टाकली, खिडकी उघडली, पंखा बंद केला, खुर्च्यांची अदलाबदल, बादली... कुंडी दोन्ही हातांनी उचलली, माती ओली होती, पलीकडे नेली, आणि... चिठ्ठीत आठवं काही नाही. काढून बघायची तर सगळे बघतायत. नाहीच आहे. असतं तर मी लिहिलं असतं. आणि मी केलं असतं तर मला आठवलं असतं, इतकी झकास खोडी करून कोण विसरेल —

नखं. त्याने हात खाली घेतले आणि टेबलाआड नखं पाहिली. माती होती. पण कुंडी उचलली म्हणजे माती लागणारच, त्यातून काय कळणार, डोंबल.

"सर, सात म्हणाला होतात," ड्रायव्हर म्हणाला. "हे आठवं निघालं. कोणाचं काम?"

हसू दाबणारा माणूस त्याला शंभरात ओळखता येतो. नाकपुडीशेजारी एक शीर थरथरते, आणि तो माणूस तुम्हाला सोडून भलत्याच वस्तूकडे नको इतका वेळ बघत राहतो. मॅडम? पाचही मिनिटं त्या आतच होत्या, खुर्चीचं उट्टं काढायला याहून चांगली संधी कुठली — पण मॅडम फॉर्मचं पान उलटत होत्या, चेहरा इस्त्री मारलेला. सिस्टर? बाहेर जाताना सगळ्यात शेवटी टेबलाजवळून तीच गेली होती, आणि कुंडी तेव्हा दाराशीच होती. पण सिस्टरचा चेहरा नाडी मोजतानाचा, त्यावरून पेशंटला कधी काही कळलंय? ड्रायव्हर तर बिचारा पहिल्याच थापेला बळी पडणारा गडी...

कोणीतरी असू दे. कोणीही असू दे.

कारण दादाचं असंच सुरू झालं होतं, चष्मा पिठाच्या डब्यात. दादा बारा वर्षांनी मोठा, इमारतींचे नकाशे काढायचा, त्याच्या टेबलावर पेन्सिली टोकाला टोक लावून शिस्तीत झोपलेल्या असायच्या, आणि त्यातली एक उलटी फिरवून ठेवणं हा याचा पोरवयापासूनचा उद्योग. दादा मान वर न करता ओरडायचा, छोट्या. एवढंच. दोघांचे केस पिकले तरी. तर चष्मा पिठात सापडला तेव्हा वहिनी हसतच सुटली, म्हणाली भावजी, आता पुरे करा, वय काय तुमचं. आणि दादाने मान वर करून विचारलं, "छोट्या, तूच ना?"

त्याने नव्हता ठेवला. पण आयता मान कोण सोडतो. सापडलो बुवा, म्हणून त्याने स्वतःचे कान पकडले. मग चपला चादरींच्या कपाटात. मग रेडिओ न्हाणीघरातल्या बादलीत. दर वेळी छोट्या तूच ना, आणि दर वेळी मी हो म्हणालो, मीच, मीच... दीड वर्ष. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, हे विसरणं कधीपासून, तेव्हा वहिनी सगळं एका वहीत उतरवून त्याच्यासमोर येऊन बसली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"चपला तुमच्या की त्यांच्या, भावजी?"

एकेक ओळ. रेडिओ तुमचा की त्यांचा. डॉक्टरांना तारीख हवी होती. आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की दोन-तीन ओळींचं त्याला स्वतःलाच नक्की सांगता येत नाहीये. धांदल असेल, म्हटलं. तेव्हा म्हटलं.

"सर?" ड्रायव्हर अजून उभाच होता.

"मीच," तो म्हणाला. "सात सांगायचे आणि आठ करायचे. सात मोजून हात झटकणारे बरोबर धरले जातात."

ड्रायव्हरने कपाळावर हात मारून घेतला, वर्ग खूश झाला. किती सहज आलं तोंडात. तेलावरून पाय सटकावा तसं. उरलेली वीस मिनिटं त्याने अर्ध्या वर्गाला बाहेर काढलं, उरलेल्यांकडून खोली बदलून घेतली, आणि प्रत्येक वस्तू कोण कुठे नेतंय ते डोळ्यांत तेल घालून पाहिलं, मनातल्या मनात घोकलं, शेवटी त्याचा एकही बदल चुकला नाही. बघ. एकही नाही. पण हे आता घोकलं म्हणून... मघाशी घोकायची गरज होती, हेच कुठे माहीत होतं.

तास संपल्यावर मॅडम पुढे आल्या आणि म्हणाल्या, नवी बॅच तुमचीच, किल्ल्यांची कल्पना तर फारच छान. त्याने हसत हसत विचारलं, तुम्ही तर आतच होतात, केव्हा पुरल्या ते पकडलं असेलच? कसलं पकडतेय, मॅडम म्हणाल्या, मान खाली घालून रकाने भरत होते, आणि तुमच्यावर नजर ठेवून आजवर कोणाचं भलं झालंय. फॉर्म काखेत मारून त्या गेल्या. बॅच मिळाली. महिनाभर जिच्यासाठी झोप उडाली होती ती मिळाली, आणि तिचं काय करायचं ते त्याला सुचेना.

खोली रिकामी होत होती. सिस्टर दाराशी पर्सची चेन लावत उभी होती, ती अडकली होती. विचारू नये. विचारलं की आपल्याला माहीत नाही हे तिला कळणार, आणि ती बाई चार बोटं सरकलेली चादर...

"सिस्टर." आवाज खेळकर काढायचा होता, तो जरा वर चढला. "किल्ल्या तुम्हीच ना?"

तिने वळून पाहिलं. आधी त्याच्या चेहऱ्याकडे, मग हाताकडे. हातात जुडगा होता, किल्ल्यांच्या दात्यांत माती वाळलेली. थोडा वेळ गेला. अगदी थोडा, श्वासाइतका. पण खोडी करणारा माणूस नेमका एवढ्याच वेळात फिसकन हसतो, त्याला धरवतच नाही.

"हो, सर," सिस्टर म्हणाली. "मीच. जाता जाता टाकल्या." आणि मग हसली. छान हसली. पर्स तशीच अर्धी उघडी खांद्याला अडकवून ती जिन्याकडे गेली.

इतकं बरं वाटलं, इतकं, की त्या बरं वाटण्याचीच त्याला भीती वाटली. पिठाच्या डब्यासमोर दादाच्या तोंडावर हेच पसरलं होतं, हेच, आणि मी समजलो होतो की त्याला चोर पकडल्याचा आनंद झालाय... जिन्यावर तिची पावलं उतरत होती, एका लयीत, घाई नाही की रेंगाळणं नाही. मागून हाक मारावी. खरंच ना, एवढं विचारावं. तिला खोटं बोलता येत असेल तर ते आवाजात कळेल, आपल्याला कळतंच. पावलं पहिल्या वळणावर पोचली. दादाने हे कधीच विचारलं नव्हतं, दीड वर्षात एकदाही नाही. आणि का विचारलं नव्हतं ते आता त्याला इतकं लख्ख कळलं, की तो दाराची कडी धरून, तोंड उघडून, नुसता उभा राहिला.