पांढऱ्या कोंबड्याचं आतडं

इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर, डोंगरातल्या त्या गावात पोर शिकायला निघालं की पांढरा कोंबडा कापायचा आणि आतडं बघायचं. सरळ निघालं तर पोर पूर्वजांसमोर परत यायचा शब्द देणार, मगच वाटेला लागणार. आता शब्दाचं काय घेऊन बसलात! नऊ वर्षांत पाच पोरं गेली, एकानंही पुन्हा तोंड दाखवलं नाही.

आतडं वाचायचे रोफिनुस गुरुजी. शाळाही त्यांचीच. पण दम्यानं जीव मेटाकुटीला आलेला, त्यामुळे निम्मे वर्ग अठरा वर्षांची एल्फ्रिदाच सांभाळायची. गणितात अशी, की गुरुजींनाच शिकवावं. तिला समुद्रापलीकडे कुपांगच्या कॉलेजात जागा मिळाली आणि गुरुजींनी हिशेब केला. ही गेली की शाळेला कुलूप.

कोंबडा कापला. आतडं सरळ, स्वच्छ. गुरुजींनी ते बोटांवर उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "वाट अडलीय. यंदा नको."

आई रडली. चुलता पुटपुटला, "मेल्या कोंबड्याला आत्ताच आडवं यायचं होतं." एल्फ्रिदा सोमवारी मुकाट शाळेत आली. गुरुजींना स्वतःची लाज वाटली, पण त्या रात्री त्यांना झोप मात्र छान लागली.

चार महिन्यांनी मलेशियातल्या पामच्या मळ्यांवर माणसं नेणाऱ्या दलालाचा ट्रक खाली रस्त्यावर आला. एल्फ्रिदा त्यात चढून बसलीय हे कळताच गुरुजी धापा टाकत पोचले.

"पोरी, मळ्यावर? एवढं डोकं काय खतात घालायचंय?"

"इथं तरी त्याचं काय होत होतं, गुरुजी?"

"उतर खाली. नवा कोंबडा आणतो. पुढच्या वर्षी कुपांगला जा. मी नीट वाचतो."

"मागचाही तुम्ही नीटच वाचला होता. सहा वर्षांची असल्यापासून कोंबड्या साफ करतेय मी. सरळ आतडं कळतं मला."

गुरुजींची मान खाली गेली. "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"अख्ख्या गावासमोर तुम्हाला खोटं पाडू? अक्षर तुम्हीच शिकवलंत मला." तिनं पिशवी मांडीवर ओढली. "मी परत येणार होते, गुरुजी. शब्द पाठ करून ठेवला होता. तुम्ही तो देऊच दिला नाहीत. आता माझ्यावर कुणाचं बंधन नाही."

ट्रक निघून गेला. वर शाळेत एकतीस पोरं तिची वाट बघत बसली होती, आणि गुरुजींना चढ चढवेना.