पाळण्यावरचा कॅमेरा

धाकटीला राउटर फोडायचा पगार मिळायचा. हातोडीने नव्हे हो! कंपनीच्या राउटरमधल्या सॉफ्टवेअरला कुठे भोक राहिलंय का, ते चोराच्या आधी शोधायचं, एवढंच तिचं काम. आणि त्या सोमवारी तिला सापडलं. पासवर्डच्या चौकटीत लांबलचक मजकूर कोंबला की राउटर गडबडायचा आणि बाहेरच्या कुणालाही सरळ आत घ्यायचा. तिने पुन्हा पुन्हा करून पाहिलं. दर वेळी तेच, तशी ती साहेबांकडे गेली.

साहेब चिडले नाहीत. "शाब्बास," म्हणाले. "दुरुस्तीला काही आठवडे लागतील. तोवर कुठे ब्र काढायचा नाही. घरीसुद्धा नाही."

यात लबाडी नव्हती बरं का. या धंद्याची रीतच तशी. दुरुस्तीच्या आधी बोभाटा झाला तर चोरांचं आयतंच फावतं. धाकटी स्वतः नवख्यांना हेच शिकवायची. पण तोच राउटर ताईच्या, तिच्या थोरल्या बहिणीच्या घरी होता. धाकटीनेच मोठ्या कौतुकाने बसवून दिलेला! त्याला जोडलेला कॅमेरा भाचीच्या पाळण्यावर. जेवणाच्या सुट्टीत धाकटी फोनवरून तो कॅमेरा इकडेतिकडे फिरवायची, त्यातून भाचीला हाका मारायची, आणि ते पिल्लू वर बघून खुदकन हसायचं.

सांगावं का? नुसतं "वायर काढून ठेव" म्हटलं तरी ताई "का गं?" विचारणार. भावोजींच्या कानावर गेलं की मग गावभर दवंडी. शिवाय हा राउटर हजारो घरांत. त्या घरांतल्या लेकरांनी काय घोडं मारलं होतं? आपल्याच माणसाला तेवढं सावध करायचं, हे तिच्या मनाला पटेना. ती गप्प बसली. कॅमेऱ्यातून बघणंही तिने सोडलं, कारण भाचीकडे बघायची लाज वाटायला लागली होती. आठवडा कसाबसा ढकलला, पण अन्न काही गोड लागेना.

मग एका दुपारी, ती साहेबांच्या टेबलापाशी उभी असताना, ताईचा फोन आला.

"काय गं, रुसलीस का आमच्यावर? काल एवढा वेळ कॅमेरा फिरवत होतीस, पण एक हाक मारशील तर शपथ! पोरगी बिचारी वाट बघून बघून रडायला लागली."

धाकटीने तर आठवडाभर कॅमेरा उघडलाच नव्हता.

"ताई, राउटरची वायर काढ. आत्ताच्या आत्ता."

"अगं, पण झालं काय?"

"आधी काढ गं, तुझ्या पाया पडते!"

ताईने वायर काढली. मग साहेब हाताने नको नको करत असताना धाकटीने रडत रडत सगळं सांगून टाकलं. पलीकडे ताईच्या मागे पोरगी स्वतःशीच काहीतरी बडबडत होती.

"तुला हे कधी कळलं?" ताईने विचारलं.

"गेल्या सोमवारी," धाकटी म्हणाली.

ताईने फोन ठेवून दिला.