चार नंबरचा मान

शौनकला सासुरवाडीत एकच त्रास होता: तिथे त्याला कुणी काहीही करू देत नसे.

तासगावजवळ सासरे आकाराम मामांचं बेदाण्याचं शेड होतं. हंगामात घरात कुणालाच बूड टेकायला सवड नसायची. मेव्हणा सिद्धू, सासूबाई भामाबाई, अगदी त्याची बायको प्रांजलसुद्धा माहेरी पाऊल टाकलं की ओढणी खोचून पेट्या उचलायला लागायची. आणि शौनक? शौनक पंख्याखाली, पलंगावर. त्यानं पेटीला हात लावायचा अवकाश, मामा शेडच्या त्या टोकावरून ओरडत, "आवं जावईबापू, ऱ्हाऊ द्या की! लोकं काय म्हनतील आमाला?" जावई हा दहावा ग्रह म्हणतात. बाकीचे नऊ निदान फिरतात तरी. ह्या दहाव्याला मामांनी लग्न झाल्यापासून एका जागी बसवून ठेवलं होतं.

दुसरा एखादा खुशाल लोळला असता. शौनकला मात्र ते टोचायचं. तो वाईचा. वडील लग्नाआधीच गेले, आणि त्यांच्यामागे त्याला 'अरे' म्हणणारं, चुकला तर कान धरणारं मोठं माणूस उरलं नव्हतं. ते तासगावात मिळेल अशी त्याला फार आशा होती. मिळालं ते 'आवं' आणि वेलदोडा घातलेलं दूध.

त्यात त्याचं काम असं, की ते काम आहे हेच मामांना पटत नसे. सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तो रोबोंवर संशोधन करायचा. एकटा रोबो शहाणा करणं फारसं अवघड नाही, पण पाच रोबो एका गोदामात सोडले की खरी गंमत सुरू होते. अरुंद बोळात दोघं समोरासमोर आले तर मागं कोणी सरायचं? वर मुकादम नाही, आपापसातच मिटवायचं. हे शिकवायला शौनकनं एक युक्ती काढली होती. माणसांच्या डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवायचा. चष्म्यात खोटं गोदाम दिसतं, हातातल्या बटणांनी प्रत्येकानं आपापला खोटा गाडा हाकायचा, आणि माणसं एकमेकांना वाट कशी देतात हे संगणकानं बघून शिकायचं. मग तीच अक्कल खऱ्याखुऱ्या, गुडघाभर उंचीच्या गाड्यांत भरायची. कॉलेजच्या पोरांना चष्मे दिले तर त्यांनी जत्रेतल्यासारख्या टकरा मारल्या. तेव्हा शौनकच्या मनात आलं, ज्यांनी जन्मभर अरुंद शेडमध्ये न धडकता पेट्या वाहिल्या, त्यांनाच गुरू का करू नये?

विचार झकास होता. मुहूर्त तेवढा चुकला. अधिक महिना चालू होता, आणि अधिक महिना म्हणजे जावयाचा हंगाम.

पुरणाचे धोंडे, वर तूप, मग चांदीचं निरांजन आणि तेहतीस अनारसे, एवढं सगळं अंगावर घेऊन शौनकनं सोप्यात पाच चष्मे मांडले. एक नंबरचा गाडा मामांचा, दोन भामाबाईंचा, तीन सिद्धूचा. मामा टोपी काढायला तयार होईनात, म्हणून चष्म्याचा पट्टा टोपीवरूनच आवळला. भामाबाईंनी चष्मा घातला आणि त्यावरून डोक्यावर पदर घेतला. "आत मोठं मानूस कुनी भेटलं तर?" त्या म्हणाल्या.

"जावईबापू कुठल्या गाड्यावर?" मामांनी पहिलं तेच विचारलं.

"चार नंबर. पण मामा, ते विसरायचं. इथं सगळे गाडे सारखे."

"व्हय व्हय, सारखंच की," मामा म्हणाले, आणि त्या घडीपासून चार नंबर कुणासारखाच राहिला नाही.

शौनकला आतून काही कळलं नाही. जावं तिथं बोळ मोकळा. पेटी उचलायला जावं तर सिद्धूनं ती आधीच नेलेली. मधेच थांबलं तरी मागून कुणाचा धक्का नाही. संध्याकाळी संगणकानं सांगितलं, टक्कर एकही झाली नाही. शौनक हरखून गेला. काय शिस्त आहे ह्या माणसांत, असं तो प्रांजलला दोनदा म्हणाला. प्रांजल सांगलीत त्याला अरे-तुरे करायची आणि माहेरच्या उंबऱ्याआत 'हे' म्हणायची, त्यामुळे तिला ह्या शिस्तीबद्दल थोडी शंका होती. पण नवऱ्याचा उत्साह बघून ती गप्प बसली.

गाडे चालवून दाखवायचे होते सांगलीला, दिलावरशेठ बागवानांच्या कोल्ड स्टोरेजात. मामांचा बेदाणा तिथेच असायचा. चालले तर गाडे ठेवून घेतो, असा शेठचा शब्द होता. शौनकला शेठच्या शब्दापेक्षा मामांच्या डोळ्यांची काळजी जास्त. आपला जावईही काही ओझं हलवू शकतो हे मामांनी एकदा बघितलं, की पलंगावरून सुटका, असा त्याचा हिशेब.

ऐन उन्हाळ्यात स्वेटर घालून सगळे आत उभे राहिले. गाडे सुटले. एक नंबरनं पेटी उचलली, दोन नंबर मागं सरला, तीन आणि पाच शहाण्यासारखे वळले. मामांनी मफलर सोडून मान पुढे काढली. तेवढ्यात चार नंबर बोळात शिरला. बाकीचे चौघं झटकन भिंतीला लागून उभे राहिले. चार नंबर बोळाच्या मध्यावर गेला आणि थांबला. पेटीला त्यानं हात म्हणून लावला नाही. तीन नंबरनं त्याच्या वाटची पेटी गुपचूप उचलून बाजूला नेली. एक नंबर त्याच्यासमोर जाऊन जरा वेळ थांबला, मागं आला, पुन्हा गेला. चार नंबर ढिम्म.

शौनकनं बॅटरी बघितली, चाकं बघितली, लॅपटॉपवरचे सगळे आकडे बघितले. सगळं ठीक होतं.

"अडकला न्हाई त्यो," दिलावरशेठ दाढी कुरवाळत म्हणाले, "रुसलाय. आकारामदादा, वळखलंसा का न्हाई? ह्यो तर तुमचा जावई हाय!"

हमाल हसले. सिद्धूनं तोंडावर मफलर ओढला. मामा मात्र हसले नाहीत. ते चार नंबरजवळ गेले, वाकले आणि हळूच म्हणाले, "चला की आता. लोकं बघायला लागली." गाडा हलला नाही. मामांना असं गयावया करताना बघून शौनकला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गाडं चांगलं हाय," शेठनी निकाल दिला. "पर मला हमाल पायजे, पाव्हना नगं. जुम्मा झाला की शनवारी एकदा आनून बघा. मग मातर बास."

परतीच्या वाटेवर, टेम्पोत, तासगाव जवळ आल्यावर मामा म्हणाले, "आमच्यापायी तुमचं काम नासलं."

"मग मामा, मला मान देऊ नका. चष्म्यात तरी."

"त्येवढं सोडून काय बी सांगा."

तरी दुसऱ्या दिवशी प्रयत्न झाला. मामांनी चार नंबरला आडवं जायचं असं घोकून ठेवलं, आडवे गेलेही, आणि "माफ करा हां" म्हणत लगेच मागं सरले. मग शौनकनं चिठ्ठ्या टाकून नंबर बदलले आणि कोण कुठे हे कुणालाच सांगितलं नाही. तेव्हा मामा सगळ्यांनाच वाट द्यायला लागले. कुणीबी जावई असू शकतो म्हणाले. एक तासभर त्यांचा गाडा नमस्कार घातल्यासारखा कोपऱ्यात उभा होता, आणि बायकोच्या गाड्यालासुद्धा त्यांनी "या, या" केलं. भामाबाईंना ते जन्मात पहिल्यांदा ऐकायला मिळालं, त्यामुळे त्यांनी आणखी चार फेऱ्या मारल्या.

शेवटी डाव प्रांजलनं टाकला. जुनं शिकवलेलं सगळं शौनकनं पुसून टाकलं होतं. गुरुवारी सकाळी सगळ्यांनी चष्मे चढवल्यावर ती मोठ्यानं म्हणाली, "आबा, ह्यांना कॉलेजातनं फोन आलाय, हे निघाले. चार नंबरवर सिद्धू बसतोय. तीन नंबर आज बंद." शौनकनं दार वाजवलं, चपला फरपटत अंगणापर्यंत नेल्या, आणि अनवाणी परत येऊन चार नंबरचा चष्मा घातला. सिद्धू पलंगावर बसला. त्याचं काम एकच, हाक आली की ओ द्यायची.

पहिल्याच बोळात शौनक सवयीनं मध्यावर थांबला. मागून धाडकन धक्का बसला.

"ए सिद्ध्या! डोळं काय शेडात टांगून आलायस? सरक की म्होरं!"

"व्हय आबा," पलंगावरून सिद्धू म्हणाला. त्याच्या तोंडात अनारसा होता.

"व्हय काय व्हय! ती डाव्या हाताची पेटी कुनी उचलायची? तुझ्या आज्यानं? लय शानं बेनं हाय!"

शौनकनं पेटी उचलली. वळताना तो भामाबाईंना घासला. "आई हाय मी, आईला ढकलतुयास व्हय रं, मुडद्या?" त्यांनी उलट दोन धक्के दिले. मग काय, मामांनी त्याला बोळातून रेटलं, त्यानं मामांची वाट अडवली, मामांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, प्रांजलनं मधे घुसून दोघांनाही मागं सारलं. पेट्या मात्र भराभर हलत होत्या. चष्म्याच्या आत शौनकचे डोळे भरून आले. इतकं घरचं त्याला त्या घरात आजवर कधी वाटलं नव्हतं.

घाम पुसायला मामांनी चष्मा वर केला. समोर पलंगावर सिद्धू, हातात अनारसा. चार नंबरच्या खुर्चीत जावई. मामांच्या तोंडचं पाणी पळालं. भामाबाईंनीही चष्मा काढला. "आगं बया, अधिक म्हयन्यात!" एवढंच त्या म्हणाल्या आणि पदरात तोंड लपवून बसल्या.

शौनकला काहीच दिसत नव्हतं. "मामा, थांबलात का?" तो आनंदानं ओरडला. "या की, मी बोळातच आहे!"

मामा उठून शेडकडे निघून गेले. त्यानंतर ते शौनकशी बोलले ते इतकं जपून, की 'तुमी'चं 'आपन' झालं. आपन जेवलात का, आपन पानी घ्यावं. दुधात आता केशरही पडायला लागलं. गाड्यांना जे हवं ते मिळालं होतं, पण शौनकला वाटलं, आपण माणूस गमावलं. शिव्या मिळाल्या त्याही सिद्धूच्या नावावरच्या. आपलं म्हणावं असं त्यात काही नव्हतं, आणि ह्याचं त्याला खरंच वाईट वाटलं.

शनिवारी पुन्हा स्वेटर, पुन्हा तो बोळ. गाडे सुटले. चार नंबर मध्यावर पोचला आणि शौनकनं श्वास रोखला. एक नंबर मागून आला, थांबला नाही, पार त्याच्या बुडाला जाऊन टेकला. चार नंबर मुकाट्यानं पुढे सरकला, वळला, पेटी उचलली. दोन नंबरनं त्याला जरा आडवं येऊन बघितलं. चार नंबरही त्याला वळसा घालून आपल्या वाटेला लागला. पुढे रांग लागली ती शेवटची पेटी जागेवर जाईपर्यंत तुटली नाही.

"माशाल्ला," दिलावरशेठ म्हणाले. "आता कशी येका घरातली वाटाय लागली. ठेवा हितं."

मामांनी एक नंबरकडे बघितलं, मग चारकडे, आणि ते बाहेर गेले.

बाहेर टेम्पोत गाड्यांना चार्ज करायचं लोखंडी कपाट उतरवायचं राहिलं होतं. सिद्धू चहा सांगायला गेलेला. मामा टेम्पोवर चढले आणि एका बाजूनं कपाट रेटायला लागले. शौनक खाली सावलीत उभा होता, तीन वर्षांच्या सवयीनं हात मागं बांधून. कपाट टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर आलं, कललं, मामांचा पाय सरकला.

"अरं शौनक! बघतुयास काय खुळ्यावानी? धर की ते टोक!"

फाटकातले हमाल वळून बघायला लागले. भामाबाईंचा हात तोंडावर गेला. आपण काय बोललो हे मामांनाही कळलं, आणि त्यांचा चेहरा पार उतरला. "न्हाई, म्हंजी... जावईबापू, आपन..."

शौनकनं टोक धरलं होतं. कपाट चांगलंच जड होतं, कमरेत कळ गेली, पण त्याला ते सोडायचं नव्हतं.

"मामा," तो दात आवळून म्हणाला, "धरलंय मी. बोलत काय बसलाय, उचला की!"