जयसिंगरावांची अकरा पावलं

देवासात एकेकाळी सगळं दोन-दोन होतं. थोरल्या पातीचं एक राज्य, धाकट्या पातीचं दुसरं, आणि गाव एकच. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. पण अठ्ठेचाळीस साली दोन्ही राज्यं मध्यभारतात विलीन झाली, दोन्हीकडची दप्तरं एका इमारतीत आणून टाकली, आणि मग आम्हालाही हसू यायला लागलं.

इमारत आमची, म्हणजे धाकट्या पातीची होती. मी तिथला दप्तरदार. जुने कागद रुमालात बांधून ठेवायचे, मागितले की काढून द्यायचे, हे माझं काम. थोरल्या पातीचे दप्तरदार जयसिंगराव आपले सगळे रुमाल, आपलं भिंतीवरचं घड्याळ आणि आपला माठ घेऊन आमच्याकडे आले. दोन घड्याळं शेजारी शेजारी टांगली गेली. त्यांच्यात सात मिनिटांचं अंतर होतं आणि ते मिटवायला कुणीच तयार नव्हतं. तुकाराम शिपाई दोन्हींना चावी देई. दुपारच्या सुट्टीला सगळे पुढच्या घड्याळाने उठत आणि मागच्या घड्याळाने परत येत.

टेबल मात्र एकच मिळालं. समोरासमोर दोन खुर्च्या. पहिल्या दिवशी जयसिंगराव म्हणाले, "आपण बसावं." मी म्हटलं, "छे, छे, आधी आपण." ते वयाने मोठे, पण जागा माझी, आधी बसेल तो धाकटा की थोरला, हे दोघांनाही ठरवता येईना. साडेअकरापर्यंत आम्ही उभेच होतो. तेवढ्यात नवे साहेब आत आले, आम्हाला उभं पाहून खूश झाले आणि म्हणाले, "बैठिए, बैठिए." तेव्हा कुठे दोघं एकदम बसलो.

साहेब म्हणजे माथुरसाहेब. ग्वाल्हेरकडचे, वय तिशीच्या आत, स्वभावाने भले. मराठी त्यांना अजिबात येत नव्हती आणि दरबार काय असतो ते त्यांनी पाहिलं नव्हतं. जयसिंगरावांनी तर बत्तीस वर्षं दुसरं काही पाहिलंच नव्हतं. साहेबांच्या खोलीत गेले की ते कमरेत वाकून तीनदा मुजरा करत, काम सांगत आणि निघताना उलटे चालत बाहेर येत. वरिष्ठांना पाठ दाखवायची नाही, असा त्यांचा नेम. मागे वळून पाहायचंही नाही, कारण नजर काढून घेणं हाही अपमानच. त्यांच्या जुन्या कचेरीत साहेबांचं टेबल ते दार बरोबर अकरा पावलं होती, सरळ रेषेत. ती त्यांच्या पायात बसली होती.

आमच्या इमारतीत मात्र दार होतं डाव्या भिंतीत, सात पावलांवर. पहिल्या दिवशी जयसिंगराव अकरा पावलं मोजत गेले, नवव्याला भिंतीवर आदळले, मग भिंतीला चिकटून सरकत सरकत दार सापडलं आणि बाहेर येता येता त्यांनी स्वतःचाच माठ फोडला. आम्ही हसून हसून बेजार झालो. मी सर्वांत जास्त हसलो, हे इथेच सांगून टाकतो. मला तो माणूस आवडत नव्हता. त्याचं मोत्यासारखं मोडी अक्षर, त्याची न सुरकुतलेली पगडी, त्याचं "आपण, आपण" ऐकलं की माझं डोकं फिरे.

"भिया, उलट्या पावलांचं भूत पाहिलं नव्हतं, तेही आज दिवसाढवळ्या देख लिया," असं तुकाराम म्हणाला, तेव्हा मी त्याला एक विडी दिली.

आणि थोड्याच दिवसांत ग्वाल्हेरहून हुकूम आला की देवासात दप्तरदार एकच राहील. दुसऱ्याला सतवासला जावं लागेल. कोण राहील ते साहेबांनी महिनाअखेर ठरवून कळवायचं.

सतवास म्हणजे घाट उतरून पार खाली, जिल्ह्याचं दुसरं टोक. तिथे धान्याचा बाजार आहे, मंडी आहे, भली माणसंही असतील. पण माझा जन्म देवासचा, माझी इंदू इथल्या शाळेत सहावीत. माझ्या तोंडचं पाणी पळालं. जयसिंगरावांचा चेहरा मात्र जसाच्या तसा होता. मला वाटलं, या माणसाला कशाचंच काही वाटत नाही.

त्याच आठवड्यात कोठीचं प्रकरण घडलं. साहेबांच्या खोलीत बाहेरच्या दाराला लागूनच दुसरं दार होतं, आमच्या जुन्या रुमालांच्या कोठीचं. त्या दिवशी तुकारामने ते उघडं टाकलं होतं. जयसिंगराव मुजरा करून निघाले, डावीकडे वळत वळत उलटे चालत गेले आणि सरळ कोठीत शिरले. दार त्यांच्यामागे, म्हणजे खरं तर त्यांच्यापुढे, बंद झालं. साहेबांना वाटलं, गेले. आम्हाला वाटलं, आतच बोलत बसलेत. एक तास गेला.

बिचाऱ्याला चूक लगेच कळली होती. पण कोठीची चौकट ठेंगणी, तिला लागून पगडी पडली आणि अंधारात कुठल्या कुठे गेली. उघड्या डोक्याने साहेबांसमोर जायचं कसं? पगडी शोधायला खडखडाट करायचा कसा? ते उभे राहिले. शेवटी आमच्या दप्तरातल्या धुळीने त्यांना शिंक आली.

"कौन है?" साहेब एवढ्या जोरात ओरडले की दोन्ही पात्यांचे कारकून दाराशी गोळा झाले. कोठीचं दार हळूच उघडलं. जयसिंगराव बाहेर आले. डोक्याला लाल फडकं बांधलेलं. शांतपणे तीन मुजरे केले, "आज्ञा असावी" म्हणाले आणि पुन्हा उलटे निघाले. साहेब धावत आले, त्यांचा दंड धरला आणि त्यांना सांभाळून बाहेर खुर्चीवर आणून बसवलं.

ते लाल फडकं माझं होतं. तेवीस सालच्या रुमालाचं. माणसाने माझे कागद उघडे टाकून माझं फडकं डोक्याला बांधलं होतं! मी चिडून काहीतरी बोलणार, तर जयसिंगरावच खालच्या आवाजात म्हणाले, "गोपाळराव, आपल्या रुमालाची गाठ सैल असते. वाळवी लागेल."

संध्याकाळी साहेबांनी मला आत बोलावलं. "बेचारे को चक्कर आते हैं," ते म्हणाले. "रोज़ देखता हूँ, दीवार से टकराते हैं. आज तो अलमारी में घुस गए. सतवास में काम कम है, आराम मिलेगा. उन्हीं को भेज देता हूँ."

चक्कर नाही साहेब, तो तुमचा मान आहे, एवढंच सांगायचं होतं. मी सांगितलं नाही. "जैसी आपकी मर्ज़ी," म्हटलं आणि साहेबांना खुशाल पाठ दाखवून बाहेर आलो.

कोठीतून पगडी शोधून काढली होती. ती घेऊन मी जयसिंगरावांच्या घरी गेलो. खरं तर मला माझं फडकं परत हवं होतं. ते घरी नव्हते. दारात त्यांच्या पत्नी भवानीबाई उभ्या होत्या. कचेरीतून आलोय म्हटल्यावर म्हणाल्या, "यावं. उंबऱ्यापासून चार पावलांवर पाट आहे, बसावं." मी बसलो. त्या आत गेल्या. ओठ हलत होते. पाण्याचं तांब्या-भांडं घेऊन आल्या, तशाच ओठ हलवत, आणि माझ्यासमोर बरोबर हाताच्या अंतरावर ठेवलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना दिसत नाही.

"अकरा वर्षं झाली," त्या सहज म्हणाल्या. "पण अडत नाही काही. चुलीपाशी नऊ, विहिरीला चौदा, देवापाशी सहा. यांनीच शिकवलं. माझे दोन्ही हात धरायचे आणि माझ्याकडे तोंड करून स्वतः उलटे चालायचे. चार महिने रोज. स्वतः दोनदा विहिरीच्या काठावर आपटले, पण मला कुठे लागू दिलं नाही. आता मी गल्लीच्या टोकाच्या देवळापर्यंत एकटी जाते." मग हसून म्हणाल्या, "आज साहेबांशी तासभर बोलणं झालं म्हणत होते. साहेबांचा फार लोभ आहे म्हणे यांच्यावर."

"आहे," मी म्हटलं.

माझं फडकं धुऊन दोरीवर वाळत घातलेलं होतं. ते मी तिथेच राहू दिलं. वाटेत मला स्वतःची फार लाज वाटली. सतवासला नवं घर, नवी विहीर, नवा उंबरठा. पन्नाशी उलटलेला माणूस पुन्हा चार महिने उलटा चालणार होता, आणि मी त्याला एका वाक्यात तिकडे धाडून आलो होतो.

साहेबांकडे जाऊन खरं सांगावं, असं रात्रभर ठरवलं. सकाळी जीभ रेटेना. कारण मग उरलो मीच. सांगेन, सांगेन करत मी एवढंच केलं की आमचं टेबल साहेबांच्या दाराशी, आतलं दिसेल असं ओढून घेतलं. जयसिंगराव आत गेले. मुजरा झाला. उलटे निघाले. भिंत जवळ आली तसा मी खोकलो. ते थांबले. उजवीकडे अर्धं पाऊल टाकलं. मी पुन्हा खोकलो. मग डावीकडे वळले, मी गप्प. उंबरठ्याशी आले तेव्हा मी घसा खाकरला, आणि त्यांनी पाय उचलून टाकला. तीन दिवसांत सगळं बसलं. एकदा खोकलं की डावीकडे, दोनदा खोकलं की उजवीकडे, खाकरलं की उंबरठा. याबद्दल आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही. ते बाहेर येऊन खुर्चीत बसत आणि कागद पुढे ओढत.

नवा माठ आणला तरी तो फुटेना, म्हणून तुकारामाला चुकल्यासारखं झालं. "भिया, मजाच गेली," तो म्हणाला.

महिनाअखेरीला साहेबांनी मला बोलावलं. समोर हुकुमाचा कागद होता, नावाची जागा मोकळी.

"जयसिंगराव तो बिलकुल ठीक हो गए," साहेब म्हणाले. "बीस दिन से देख रहा हूँ, एक बार भी नहीं लड़खड़ाए. लेकिन गोपाळराव, मुझे आपकी फ़िक्र है. दिन भर खाँसते रहते हैं. यहाँ इन पुराने काग़ज़ों की धूल में आप बीमार पड़ जाएँगे. सतवास की हवा खुली है. वैसे, आपको सचमुच तकलीफ़ है न?"

लेखणी कागदावर टेकली होती. साहेब माझ्याकडे पाहत होते. मला खोकला नाही, एवढं म्हटलं असतं तर पुरे होतं. इंदूची शाळा डोळ्यांपुढे आली, माझं अंगण आलं, आणि ओठ हलवत पाणी घेऊन येणाऱ्या भवानीबाई आल्या.

मी तोंडावर हात धरला आणि खोकलो. चांगला पोटापासून खोकलो.

"देखा!" साहेब म्हणाले आणि माझं नाव लिहिलं.

घरी नर्मदाबाई, म्हणजे आमच्या कुटुंबाने, दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तिला सगळं सांगितलं. तिने फक्त विचारलं, "भवानीबाईंना माहीत आहे?" मी नाही म्हटलं. मग ती भांडी बांधायला लागली.

सतवासची मोटार सकाळी आठला सुटे. कुणाच्या घड्याळाने आठ, यावर कचेरीतल्या मंडळींचा वाद झाला म्हणून अर्धे निरोप द्यायला वेळेवर आलेच नाहीत. जयसिंगराव मात्र आले. पगडी, अंगरखा, सगळं दरबारचं. माझ्या हातात एक लहानशी पुडी दिली, लाल फडक्यात बांधलेली. गाठ घट्ट होती.

"ज्येष्ठमध आहे," ते म्हणाले. "घरातून दिलंय. आपला खोकला फार दिवसांचा."

"थांबेल आता," मी म्हटलं.

त्यांना आणखी काही बोलायचं होतं. पण त्यांनी नुसती पगडी सारखी केली. मी नर्मदा आणि इंदूशेजारी जाऊन खिडकीत बसलो. इंजिन सुरू झालं. जयसिंगराव खिडकीसमोर उभे राहिले आणि भर मोटारस्टँडवर, टांगेवाल्यांच्या आणि हमालांच्या देखत, कमरेत वाकून त्यांनी मला मुजरा केला. एक, दोन, तीन. मग माझ्याकडे तोंड करून ते उलटे चालायला लागले.

लोक हसायला लागले. मला काही नीट दिसेना. डोळे पुसले तेव्हा दिसलं की त्यांच्या मागे एक शेंगदाण्याची हातगाडी उभी आहे, चार पावलांवर. मोटार हलली. ते माझ्याकडेच पाहत मागे जात होते.

मी खिडकीतून मान बाहेर काढली आणि जिवाच्या आकांताने एकदा खोकलो.

जयसिंगराव डावीकडे वळले.