मोडीत निघाले, पण मातीमोल नाही

मी एक जुनी, पांढऱ्या रंगाची गाडी आहे. पांढरी म्हणजे एके काळची. मित्रांनो, आज तुम्ही मला ओळखणार नाही, कारण मी भंगाराच्या आवारात दारांशिवाय उभी आहे. पण माझी कीव करू नका. मी इथे मानाने आले आहे. कशी, ते सांगते.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मला वाटलं होतं, एखादं कुटुंब मला सहलींना नेईल. नशिबी आली शाळा! एका नवराबायकोने मला घेतलं आणि गाडी शिकवण्याचा क्लास काढला. सकाळी काका शिकवत, दुपारी बाई. बाईंकडे बहुतेक बायकाच येत. कुणी क्लच सोडताना श्वास रोखून धरी, कुणी वळणावर डोळेच मिटून घेई. एका आजींनी तर मला फाटकावर आदळलं आणि वर मलाच म्हणाल्या, "लागलं का गं?"

बाई कधी ओरडल्या नाहीत. "बंद पडली तर पडू दे. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू देत. तू परत चालू कर," एवढंच म्हणायच्या. परीक्षा पास झालेल्या बायका जाताना माझ्या बॉनेटवर हलकी थाप मारत. तेवढ्याने मला टाकी भरल्यासारखं वाटे.

मग काका गेले. त्यांच्यामागे क्लासही बंद पडला. बाईंनी मला शेडमध्ये उभं केलं. माझ्या टपावर धुळीचा थर साचला आणि त्यावर मांजराने आपली झोपायची जागा करून घेतली. बाई खिडकीतून माझ्याकडे पाहत आणि पडदा ओढून घेत. फक्त काकांची बहीण, बाईंच्या वन्सं, अधूनमधून येऊन मला चालू करत, चाकांत हवा भरत. बॅटरी गेली तर त्यांनी नवी आणून बसवली. पण वय कुणाला चुकलंय? रस्त्यावर धावायचा माझा परवाना आता वाढवून मिळणार नव्हता.

एक भंगारवाला घरी आला. त्याने माझ्या चाकाला लाथ मारून पाहिली.

"हिच्यात आता आहे काय? पत्रा आणि धूळ. ओढून न्यायचा खर्च निघाला तरी पुष्कळ."

त्याने सांगितलेल्या पैशांत माझी बॅटरीसुद्धा आली नसती.

"न्या," बाई म्हणाल्या. "द्यायचं ते द्या. एकदाची डोळ्यांसमोरून जाऊ दे."

वन्सं मध्ये पडल्या. त्याला त्यांनी वाटेला लावलं आणि बाईंजवळ बसल्या.

"वहिनी, हिला बघून तुला दादा आठवतो, कबूल. पण म्हणून त्याची गाडी फुकटात घालवायची? रडायचं तर रडू, पण भाव ठरल्यावर."

त्यांनी चार ठिकाणी फोन करून लोखंडाचा चालू भाव विचारला. परवान्याचे शेवटचे काही दिवस उरले होते, म्हणून मला चालवतच इथे घेऊन आल्या. "आपल्या पायांनी आलेल्या गाडीला जास्त मिळतं," असं त्यांचं म्हणणं. बाई शेजारच्या सीटवर बसल्या होत्या.

इथला मालक जाडजूड, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याने माझ्याभोवती एक फेरी मारली.

"अंदाजे सांगतो..."

"अंदाज नको. काट्यावर घ्या."

मी वजनकाट्यावर चढले. मालकाच्या अंदाजापेक्षा मी बरीच भारदस्त निघाले!

"हे लोखंडाचं झालं," वन्सं म्हणाल्या. "आता बॅटरीचं बोला. नवी आहे. टायरचं बोला. गिअरबॉक्स धडधाकट आहे, त्याचं वेगळं बोला. आणि गाडी मोडीत काढल्याचा दाखला मिळेल, याची हमी आधी द्या."

"ताई, तुम्ही याच धंद्यातल्या का?"

"छे हो! मी भाजी घेणारी. जुडी सोडून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही."

मालक मोठ्याने हसला आणि त्याने रास्त भाव दिला. व्यवहार झाला तसा वन्संनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "झालं हो वहिनी. आता रड." आणि माझ्या सीटवर बसून दोघीही रडल्या. काका गेल्यापासून बाई अशा रडल्या नव्हत्या. मालक उगाचच नटबोल्टचे डबे हलवत राहिला.

थोड्या वेळाने माझ्या दारावरचं क्लासचं पुसट नाव वाचत तो घुटमळत आला.

"बाई, क्लास परत काढणार का? आमच्या हिला शिकायचंय. मी शिकवायला बसलो की घरी जेवण मिळत नाही."

बाईंनी डोळे पुसले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांच्या ओठांवर हसू पाहिलं.

"गाडी घेतली की कळवते. पाठवा त्यांना. पण तुम्ही मागच्या सीटवर बसायचं नाही."

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी वस्तू म्हातारी होईल. ती चालते आहे तोवर तिची निगा राखा. आणि निरोपाची वेळ आली की दुःखाच्या भरात ती कुणाच्याही हाती देऊ नका. चार ठिकाणी विचारा, वजन करून घ्या, बिनधास्त घासाघीस करा. तिच्या वतीने बोलणारं तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे?