बोणीच्या आधीचा जिना

ऊन पत्र्यावर चढलं होतं आणि मल्लम्मा फळ्यांच्या फटीला डोळा लावून पालथी पडली होती. खाली तिच्याच मुलाचं कापडाचं दुकान. त्या फटीतून तिला काशप्पाचं टक्कल दिसे, गादीचा कोपरा दिसे आणि आलेल्या गिऱ्हाइकाचे हात दिसत.

"आलंय का कोण?" स्टोव्हला पंप मारत सुनेनं, गुरुबाईनं विचारलं.

"एक बाई आलीय. झंपरपीस बघायलीय."

"घ्यायलीय, का नुसतंच बघायलीय?"

"ठिवलं की गं तिनं खाली." मल्लम्मानं डोळे मिटून घेतले. "चालली ती."

त्या गिऱ्हाइकाशी म्हातारीचं काय एवढं अडलं होतं? सांगायला लाज वाटते, पण सांगितलंच पाहिजे. मल्लम्माला लघवीला जायचं होतं. आणि खालच्या सगळ्या दुकानांची बोणी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, झाल्याशिवाय तिला जिना उतरायची बंदी होती. ती विधवा होती ना!

ही गोष्ट बीदरच्या जुन्या बाजारातली, एकोणीसशे त्र्याऐंशी सालची. तिथली कापसाची वखार कित्येक वर्षं घुशींच्या ताब्यात होती. मग गावाजवळ कोळारला कारखाने निघाले, पगारी माणसं आली, मेलेल्या बाजारात पुन्हा वर्दळ सुरू झाली आणि वखारीचे मालक गुरुशांतप्पा यांना समाजसेवेची हुक्की आली. त्यांनी उंच छपराखाली मध्यावर फळ्या टाकल्या. खाली काचेची कपाटं आणि लोखंडी शटरं लावून दुकानं काढली. वर पार्टिशनं घालून बिऱ्हाडं बसवली. खाली धंदा, वर संसार. 'माळ्याची घरं' म्हणून गावभर त्यांचं कौतुक झालं.

उद्घाटनाला गुरुशांतप्पांनी बसवेश्वरांच्या तसबिरीला हार घातला आणि मोठं भाषण ठोकलं. इथं उच्चनीच नाही, बाई-बाप्या भेद नाही, हा नव्या युगाचा बाजार आहे, असं ते घसा ताणून बोलले. टाळ्या पडल्या. संडास मात्र सगळ्यांसाठी मागच्या अंगणात होता आणि तिकडे जायला जिना एकच, तोही सगळ्या दुकानांच्या तोंडासमोरून उतरणारा. नकाशात मागूनही एक जिना होता. त्याच्या जागेवर पानाचं दुकान निघालं. नव्या युगाला भाडं लागतं.

नवरा गेल्यावर याच मल्लम्मानं डोक्यावर खणांचं गाठोडं घेऊन औरादचा बाजार केला होता. उन्हात पोतं अंथरून तिनं स्वतःच्या हातानं बोण्या केल्या आणि त्याच कमाईवर काशप्पाला वाढवलं. तेव्हा तिचा हात कुणाला अशुभ वाटला नाही. मुलगा गादीवर बसला, अंगात टेरिलिनचा सदरा आला, आणि आईचं तोंड एकाएकी अपशकुनी झालं.

या विषयाला तोंड फोडलं शिवय्यानं. हा शेजारचा भांडीवाला. कपाळभर विभूती, आणि दुकानात गिऱ्हाइकापेक्षा माश्या जास्त. धंदा का होत नाही, याचं कारण तो दरात सोडून सगळीकडे शोधत असे. ते त्याला जिन्यावर सापडलं. सकाळी शटर वर करावं तर समोरून हातात तांब्या घेतलेली मल्लम्मा उतरते आहे! दुसरी विधवा कोपऱ्यातल्या खोलीतली ईरम्मा. ती कारखान्यातल्या माणसांचे डबे करी आणि भल्या सकाळी पाण्याला उतरे.

गुरुशांतप्पांच्या बैठकीत निवाडा झाला. शटर वर गेल्यापासून सगळ्या दुकानांची बोणी होईपर्यंत या दोघींनी जिन्यावर पाऊल ठेवायचं नाही. सगळ्यांची झाली की शिवय्यानं पितळी परात वाजवायची, मग खुशाल उतरा. विधवांची सोय म्हणून परातीची कल्पना गुरुशांतप्पांनी स्वतः काढली आणि तिचा त्यांना अभिमानही होता.

गुरुबाईनं त्या रात्री नवऱ्याला धारेवर धरलं.

"तुमची माय हाय ती. गाय-म्हैस न्हाई, दावणीला बांधून ठिवायला."

"मी कुठं न्हाई म्हणतोय? पर बाजाराचा रिवाज हाय. मी एकटा काय करू?"

"हाताला धरून खाली आणा एकदा. बघू कोण काय बोलतंय."

"आन् सगळे मिळून माझ्यावर उलटले, म्हंजे? तुला काय कळतंय धंद्यातलं!"

काशप्पा वाईट माणूस नाही, असं त्याला ओळखणारे आजही सांगतात. वाईट माणसाला निदान काहीतरी करावं तरी लागतं. यानं काहीच केलं नाही.

मल्लम्मा पहाटे अंधारात एकदा जाऊन येई. पण वय झालेलं, त्यात साखरेची व्याधी. उजाडलं की पुन्हा निकड लागे आणि बोणीला कधी कधी दुपार होई. गुरुबाई म्हणाली, "अव्वा, वरच बादली ठिवते मी. मी टाकून येईन, मला काय त्याचं?" म्हातारी ताठ झाली. एवढीशी खोली, तिथेच चूल, तिथेच तिची लिंगपूजा. "असलं न्हाई व्हायचं माझ्याच्यानं," म्हणाली. मग तिनं स्वतःच उपाय शोधला. पाणी पिणंच सोडलं. साखरेनं घसा कोरडा पडायचा, जीभ टाळूला चिकटायची, तरी ती ओठ ओले करून तांब्या बाजूला ठेवायची.

"कामून असं करायलाव, अव्वा? पाणी तरी प्या."

"संध्याकाळी पिते की. लेकराच्या धंद्याला माझी अडचण नगं."

दिवाळीचा पाडवा आला. व्यापाऱ्यांचं नवं वर्ष. मुहूर्त दुपारचा निघाला, म्हणजे त्या दिवशी बोणीही दुपारनंतरच. मल्लम्माला आदल्या दिवसापासून ताप होता. सकाळी ती बरळू लागली, तेव्हा गुरुबाईनं डॉक्टरला वर आणलं. त्यांनी जीभ पाहिली, नाडी पाहिली आणि विचारलं, "यांना पाणी कोण देत नाही?" आत्ताच्या आत्ता दवाखान्यात हलवा, असं सांगून ते गेले.

गुरुबाई धावत खाली आली. दुकानांना झेंडूची तोरणं लागली होती. गुरुशांतप्पा जरीचा रुमाल बांधून मधोमध खुर्चीवर बसले होते.

"अप्पा, अव्वाला दवाखान्यात न्यायचंय. चार माणसं द्या, खुर्चीत बसवून उतरवू."

शिवय्याच्या हातातलं ताट थांबलं. "पाडव्याला? बोणीच्या आधी? वरीसभर धंदा बसल की आमचा!"

"जीव चाललाय तिचा!"

"हे बघ पोरी," गुरुशांतप्पा समजुतीच्या सुरात म्हणाले, "मलाबी काळजी हायच. पर मुहूर्त जवळ आलाय. तासाभरानं काय बिघडतंय? परात वाजली की मी सोता माझी गाडी देतो."

गुरुबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तो हळदकुंकवाच्या वाटीकडे बघत होता. "बोणी झाली की नेतोच की," तो पुटपुटला.

ती वर गेली. ईरम्मा हातातलं काम टाकून आली होती. म्हातारीचं अंग जड, जिना अरुंद. दोघींनी उचलून पाहिलं, जमलं नाही. मग गुरुबाई सासूचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि चमच्यानं पाणी घालू लागली. मल्लम्मानं एकदा तिचा हात धरला. "वाजली का गं परात?" तिनं विचारलं. पुढचा चमचा ओठांच्या कडेनं खाली ओघळला.

त्यानंतर बऱ्याच वेळानं खाली परात वाजली. शिवय्यानं सणाची म्हणून जरा जास्तच जोरात वाजवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, लिंगायतांच्या रीतीप्रमाणे, मल्लम्माला बसवून न्यायचं होतं. विभूती लावून, हार घालून, खुर्चीला बांधून माणसं तिला जिन्यावरून उतरवू लागली. काल चार माणसं मिळाली नव्हती, आज दहा मिळाली. शटरं नुकतीच वर जात होती आणि बोणी कुणाचीच झाली नव्हती. तरी सगळे दुकानदार हात जोडून ओट्यावर उभे राहिले, कारण सकाळी प्रेताचं दर्शन म्हणजे मोठा शुभशकुन! जिवंत म्हातारी लघवीला उतरली तर धंदा बुडतो आणि तीच मेली की बरकत येते. हे शास्त्र कुठल्या गाढवानं लिहिलं, ते विचारू नका. पाळणारे सगळे शहाणे आहेत.

"पुण्यवान बाई," गुरुशांतप्पा डोळे पुसत म्हणाले.

"थांबवा," गुरुबाई म्हणाली. खुर्ची काशप्पाच्या दुकानासमोर थांबली.

तिनं सासूच्या कमरेची पैशांची चंची सोडली. औरादच्या बाजारापासूनची ती चंची. त्यातला रुपया काढून तिनं तो गादीवर ठेवला.

"अव्वाच्या अंगावर घालायला पांढरं कापड पाहिजे. फाडा."

काशप्पा रडवेला झाला. "अगं, घरचंच दुकान हाय. पैसे कशाला?"

"घरचं असतं तर तिला उतरू दिलं असतं तुमी. फाडा. आजची बोणी अव्वाची हाय."

त्यानं कापड वाकडंतिकडं फाडलं. गुरुबाईनं ते सासूच्या अंगावर पांघरलं. मग ती शिवय्याच्या दुकानात चढली, ती पितळी परात उचलली आणि मुठीनं अशी बडवली, की माळ्यावरची पोरं जिन्याच्या तोंडाशी जमा झाली.

"झाली बोणी!" ती ओरडली. "जा आता, अव्वा. कोण अडवत न्हाई तुमाला."

मातीहून परतताना ती परात गुरुबाईनं घरी नेली, ती परत दिलीच नाही. दुसऱ्या दिवशी शटरं वर गेली, तेव्हा गुरुबाई जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी होती.

"ईरक्का, उतरा!"

ईरम्मा वर घुटमळली. शिवय्यानं रागानं आपलं शटर धाडकन खाली ओढलं. गुरुशांतप्पांचा माणूस जागा खाली करा म्हणून सांगून गेला. दुकानाच्या दारात काशप्पा उभा होता. तो आत वळून गादी झटकू लागला.

"उतरा, अक्का. मी हाय."

ईरम्मा तांब्या घेऊन खाली आली. उघड्या दुकानांसमोरून, दिवसाउजेडी, मान वर करून ती मागच्या अंगणात गेली. संडासाची कडी आतून लागल्याचा आवाज येईपर्यंत गुरुबाई पायरीवरून हलली नाही.

माळ्याची घरं आता गावोगाव निघत आहेत. उद्घाटनाचं आमंत्रण आलं तर जरूर जा. हार घाला, पेढे खा. फक्त त्याआधी मान वर करून एकदा फळ्यांच्या फटीकडे बघा. तिथून कुणाचा तरी डोळा, बोणी कधी होते म्हणून, तुमच्या हाताकडे लागलेला असेल.